खापर का फुटत नाही?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याकडे मावशीच्या घरी मांडे होतात. अंगणात दगडांची चूल, तिच्यावर पालथं घातलेलं मातीचं खापर, खाली बाभळीच्या लाकडांचा जाळ. पुरण भरलेला उंडा मावशी आधी थापून मोठा करते, मग पाण्याच्या हातानं दोन्ही मनगटांवर घेऊन झुलवत राहते. मांडा कोपरापर्यंत लोंबायला लागला की एका झटक्यात तो खापरावर. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि बघता बघता कडा सुटायला लागतात. खालून जाळ, वरून ओली गार कणीक. सकाळपासून दुपारपर्यंत हे पन्नास-साठ वेळा होतं. खापराला काही होत नाही.

त्याच उन्हाळ्यात पुण्याला परतल्यावर ओव्हनमधून काढलेलं काचेचं भांडं मी ओट्यावर ठेवलं. ओटा ग्रॅनाइटचा, नुकताच ओल्या फडक्यानं पुसलेला. दोन क्षण काहीच झालं नाही. मग सुतळी बॉम्बसारखा आवाज आला आणि ओट्यावर, फरशीवर, पार फ्रिजखाली काचाच काचा. भांडं महागाचं होतं, जाड होतं, हातात घेतलं की दणकट वाटायचं. खापर मात्र नखानं खरवडलं तरी माती निघते.

मराठीत खापर फोडायचं ते दुसऱ्याच्या माथ्यावर. म्हणजे ते सहज फुटणारच, हे आपण गृहीतच धरलेलं. मग जाळावर ते टिकतं कसं, आणि दणकट काच का टिकत नाही?

काटेकोर बोलायचं तर काच आणि सिरॅमिक या दोन वेगळ्या जाती. वीट, मडकं, चिनीमातीची बरणी, फरशी, स्पार्क प्लगचा पांढरा भाग हे सगळं सिरॅमिक. त्यात सूक्ष्म स्फटिक असतात. काचेत अणूंची तशी शिस्तवार मांडणी नसते. पण तापमानाचा झटका खाण्याच्या बाबतीत दोघी सख्ख्या बहिणी, त्यामुळे इथे त्यांना एकाच पंगतीला बसवायला हरकत नाही.

कुठलीही वस्तू तापली की फुगते, हे शाळेत शिकलेलं असतं. किती फुगते हे एकदा आकड्यांत पाहण्यासारखं आहे. एक मीटर लांबीच्या वेगवेगळ्या दांड्या घेतल्या आणि प्रत्येकीचं तापमान १०० अंश सेल्सिअसनं वाढवलं, तर पोलादाची दांडी साधारण १.२ मिलिमीटरनं वाढते. खिडकीच्या साध्या काचेची ०.९ मिलिमीटरनं. अ‍ॅल्युमिनाची, म्हणजे स्पार्क प्लगमधल्या पांढऱ्या सिरॅमिकची, ०.८ मिलिमीटरनं. म्हणजे लोखंड काचेपेक्षा जास्तच फुगतं! तरी तापलेला लोखंडी तवा नळाखाली धरला तर तो फार तर वाकडा होतो, त्याचे तुकडे होत नाहीत. (बिडाचा तवा मात्र तडकू शकतो, बीड हे लोखंडच, पण स्वभावानं ठिसूळ.)

गुन्हा नुसत्या फुगण्याचा नाही. सगळी वस्तू एकदम, सारखी फुगली तर काहीच बिघडत नाही. माझ्या भांड्याचं बूड ओल्या दगडाला टेकलं, क्षणात निवलं आणि आक्रसायला निघालं. वरच्या भिंती अजून तापलेल्या, फुगलेल्या. त्या बुडाला आक्रसू देईनात. बूड चारही बाजूंनी ओढलं गेलं. पोलादात असं झालं की अणूंचे थर एकमेकांवरून किंचित सरकतात, धातू मुरड घालतो आणि ओढ जिरते. सिरॅमिकमधले अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की सरकायला वावच नसतो. तिथे ओढ साठत जाते, आणि मग एक तर ती सोसायची, नाहीतर फुटायचं.

साध्या काचेत ही ओढ किती असते याचा हिशेब सोपा आहे. थंड भागाला आक्रसायला अजिबात वाव नाही असं धरलं, तर तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे चौरस सेंटीमीटरवर साधारण आठ किलो भाराएवढी ओढ येते. फरक ६० अंशांचा झाला की जवळजवळ ५०० किलो. वापरून वापरून बारीक ओरखडे पडलेली काच याच सुमाराला हात टेकते.

ओरखड्यांचा मुद्दा महत्त्वाचा. १९२०च्या सुमारास इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन केंद्रात ए. ए. ग्रिफिथ या तरुण अभियंत्याला प्रश्न पडला होता, की अणूंमधल्या बंधांचा हिशेब केला तर काच आहे त्याच्या कितीतरी पट मजबूत निघायला हवी. मग प्रत्यक्षात ती इतकी दुबळी का? त्यानं काचेचे बारीक बारीक तंतू ओढून तोडून पाहिले. तंतू जितका बारीक, तितका तो प्रमाणाबाहेर मजबूत निघाला. त्यावरून त्यानं मांडलं, की काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा आधीपासूनच असतात आणि सगळी ओढ त्या चिरांच्या टोकाशी एकवटते. बारीक तंतूत मोठी चीर मावणारच नाही, म्हणून तो मजबूत. कापडाच्या दुकानात हे रोज बघायला मिळतं. आख्खं कापड दोन हातांनी फाटत नाही, पण कडेला कात्रीनं नखाएवढी चीर दिली की दुकानदार टर्रकन् दोन तुकडे करतो.

चीर ओढीनं उघडते, दाबानं मिटते. म्हणूनच सिरॅमिकला दाबलं तर ते भलताच भार सोसतं, ओढलं तर त्याच्या एखाद्या दशांशातच तुटतं. यातून एक गोष्ट निघते, जी स्वयंपाकघरात उपयोगी पडते. अचानक तापवण्यापेक्षा अचानक गार करणं जास्त घातक. एकदम तापलेला पृष्ठभाग फुगायला बघतो आणि आतला थंड भाग त्याला दाबून धरतो. चिरा मिटलेल्या राहतात. एकदम गार झालेला पृष्ठभाग ओढला जातो, आणि ओरखडे तर सगळे पृष्ठभागावरच असतात. मात्र उकळता चहा पेल्यात ओतला की ओढ बाहेरच्या थंड अंगाला बसते, म्हणून चहानं फुटणारा पेला बहुधा बाहेरून तडकायला लागतो. पेला जितका जाड, तितका आतला-बाहेरचा फरक मोठा. टपरीवरच्या कटिंगच्या पातळ पेल्यात दिवसभर उकळता चहा पडतो, त्याचं काही वाटत नाही. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला जाड बुडाचा पेला पहिल्याच चहाला जातो. पेल्यात आधी चमचा ठेवायची आपल्या आज्यांची सवय अगदी रास्त होती. चहा चमच्यावरून ओघळत येतो आणि चमचा थोडी उष्णता स्वतःकडे घेतो.

मग उपाय काय? सगळ्यात सरळ उपाय म्हणजे न फुगणारा पदार्थ शोधायचा.

यात जर्मनीतल्या येना गावच्या ऑटो शॉटनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठं काम केलं. काचेत बोरॉनचं ऑक्साइड घातलं की तिचं प्रसरण कमी होतं हे त्यानं दाखवलं. अमेरिकेत याची गरज वेगळ्याच ठिकाणी होती. तिथल्या रेल्वेच्या कंदिलांची तापलेली काच पावसाचं नाहीतर बर्फाचं पाणी पडलं की तडकायची, आणि सिग्नलचा कंदील विझणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. कॉर्निंग कंपनीनं त्यासाठी कमी प्रसरणाची काच बनवली. पुढे १९१३ मध्ये कंपनीतले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांचं भाजायचं भांडं तडकलं. लिटलटन यांनी बॅटरीच्या काचेच्या बरणीचं बूड कापून घरी आणलं आणि बेसीबाईंनी त्यात चक्क केक भाजला. दोन वर्षांनी, १९१५ साली, पायरेक्स नावाची भांडी बाजारात आली. आपल्याकडे सर्रास ज्याला ‘बोरोसिलची काच’ म्हणतात, तो शब्दच बोरोसिलिकेटवरून आलेला.

वरच्या दांड्यांच्या हिशेबात बोरोसिलिकेट ०.३३ मिलिमीटर वाढते. साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश. शुद्ध वाळूच वितळवून केलेली सिलिका काच तर ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. या काचेची मूस लालबुंद तापवून थेट गार पाण्यात बुडवली तरी साबूत राहते. पण ती ओतायला इतकं प्रचंड तापमान लागतं की घरगुती भांड्यांसाठी तिचा विचारही परवडत नाही. कॅलिफोर्नियातल्या पालोमार दुर्बिणीचा २०० इंची आरसा आधी याच सिलिकेचा करायचा घाट घातला होता. तो जमेना, तेव्हा १९३४ मध्ये कॉर्निंगनं तो पायरेक्सचा ओतून दिला.

काही स्फटिक तर उलट्या चालीचे असतात, तापले की एखाद्या दिशेनं आक्रसतात. ते ज्या पदार्थात उपयोगी पडले, त्याच्या शोधाचा किस्सा गमतीचा आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्निंगमध्येच डोनाल्ड स्टूकी हे लिथियम असलेल्या काचेचा एक तुकडा ६०० अंशांना तापवत होते. भट्टीचं नियंत्रण बिघडलं आणि ती ९०० अंशांवर गेली. काच वितळून भट्टीची वाट लागली असणार, या समजुतीनं त्यांनी दार उघडलं, तर आत पांढराशुभ्र घट्ट तुकडा. चिमट्यातून तो निसटून जमिनीवर पडला, धातूसारखा खणखणला आणि फुटला नाही. जास्तीच्या उष्णतेनं काचेच्या पोटात असंख्य बारीक स्फटिक तयार झाले होते. आज याच कुळातल्या पदार्थात आक्रसणारे स्फटिक आणि फुगणारी काच यांचं प्रमाण असं जुळवतात की एकाचं वाढणं दुसऱ्याच्या घटण्यात जिरून जातं. चांगल्या प्रतीच्या विजेच्या शेगड्यांची काळी काच या जातीची असते. एका वर्तुळात लाल निखारा आणि वीतभर अंतरावर हात टेकता येईल इतकं गार, तरी ती तडकत नाही.

दुसरी वाट म्हणजे उष्णता एका जागी साचूच द्यायची नाही. सिरॅमिक म्हणजे उष्णतेला अडवणारं, असा आपला सर्वसाधारण समज असतो, पण अ‍ॅल्युमिना साध्या काचेच्या पंचवीस-तीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं आणि सिलिकॉन कार्बाइड त्याहूनही कितीतरी वेगानं. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर चार फटक्यांच्या इंजिनात स्पार्क प्लगचं टोक सेकंदाला ५० वेळा स्फोट झेलतं आणि तितक्याच वेळा गार हवा-पेट्रोलच्या फवाऱ्यात न्हातं. मिळालेली उष्णता ते मागच्या मागे धातूकडे ढकलून देतं, म्हणून निभावतं.

इथपर्यंतचं सगळं पाठ्यपुस्तकी आहे. कमी फुगा, उष्णता झटपट वाहा, ताकद जास्त ठेवा. पण खापर यातल्या कुठल्याच कसोटीला उतरत नाही. भाजलेली माती बोरोसिलिकेटपेक्षा जास्त फुगते, उष्णता वाहण्यात अगदी मंद असते, आणि ताकदीचं तर बोलायलाच नको. या हिशेबानं मावशीचं खापर पहिल्याच मांड्याला फुटायला हवं होतं.

गोम कळली ती १९६०च्या दशकात. अ‍ॅल्युमिनाच्या छोट्या दांड्या वेगवेगळ्या तापमानांपर्यंत तापवायच्या, गार पाण्यात टाकायच्या आणि मग वाकवून किती भाराला मोडतात ते बघायचं, असे प्रयोग चालू होते. साधारण २०० अंशांच्या फरकापर्यंत दांडीला काहीही होत नाही. पाण्यात न टाकलेल्या दांडीइतकीच ती मजबूत राहते. त्याच्या थोडं पुढे गेलं, की ताकद एकदम कोसळते. कड्यावरून पाय घसरावा तसं. अधलंमधलं काही नाही. उलट भट्टीची भरड वीट अशीच तपासली तर ती मुळातच अशक्त, पण प्रत्येक झटक्यागणिक हळूहळू थोडी थोडी अशक्त होत जाते. कडा नाही, नुसता उतार.

डी. पी. एच. हॅसलमन यांनी १९६९ मध्ये या दोन्हींना एकाच सूत्रात बसवलं. त्यांचं म्हणणं असं, की चीर जन्माला येणं आणि चीर पुढे पळणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीला जे औषध तेच दुसरीला विष. चीर जन्मू द्यायची नसेल तर पदार्थ बळकट हवा. पण बळकट पदार्थ तुटण्याआधी भरपूर ओढ साठवतो, पूर्ण ताणलेल्या धनुष्यासारखा. शेवटी चीर पडलीच, तर साठलेली सगळी शक्ती तिच्यामागे धावते आणि चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार जाते. माझ्या भांड्याच्या काचा फ्रिजखाली का गेल्या त्याचं उत्तर हेच. दुबळ्या पदार्थात चीर लवकर पडते, पण तिच्या पाठीशी शक्तीच फारशी नसते. ती दोन पावलं जाते आणि थकते. त्यात वाटेत एखादं भोक, वाळूचा कण, दुसरी चीर आडवी आली तर तिथेच थांबते. म्हणजे फुटण्यापासून वाचायचं असेल तर एक मार्ग असाही आहे, की आधीच थोडं थोडं, पुष्कळ ठिकाणी फुटून ठेवायचं.

हे वाचल्यावर कुंभाराच्या मातीकडे मी निराळ्या नजरेनं पाहायला लागले. कुंभार नुसती माती कधीच चाकावर चढवत नाही. तिच्यात राख घालतो, घोड्याची किंवा गाढवाची लीद घालतो, वाळू घालतो. काही ठिकाणी जुन्या फुटक्या मडक्यांचा कुटलेला चुराही. रांधायच्या भांड्याची माती पाण्याच्या माठापेक्षा भरड असते. लीद आव्यात जळून जाते आणि मागे पोकळ्या राहतात. वाळूचं प्रकरण आणखी सूक्ष्म आहे. वाळू म्हणजे गारगोटीचे, क्वार्ट्झचे कण. तापताना ५७३ अंशांना क्वार्ट्झची अंतर्गत रचना बदलते आणि ते एकदम फुगतं. निवताना त्याच तापमानाला एकदम आक्रसतं. आजूबाजूची माती तेवढी आक्रसत नाही. कण मातीपासून किंचित सुटतो आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक फट राहते. एका खापरात अशा अगणित फटी. पुढे जाळावर एखादी नवी चीर निघाली, की ती यातल्याच एका फटीत शिरते आणि तिचा जोर तिथेच संपतो.

याच ५७३ अंशांची कुंभाराला भीतीही असते. त्याला आकडा ठाऊक नसेल, पण आवा गार व्हायच्या आत उघडायचा नाही हे पक्कं ठाऊक असतं. घाई केली, गार वारा आत शिरला, तर आख्खं भांडं उभं तडकतं. बारीक फटी हव्यात, मोठी चीर नको. सगळी कारागिरी या दोहोंमधल्या अंतरात आहे. आकाराचंही तसंच. आतून दगडी गोळा आणि बाहेरून लाकडी थापटणं धरून कुंभार भांडं थोपटत जातो, त्यामुळे त्याची जाडी सगळीकडे सारखी येते. रांधायच्या मडक्याचं बूड गोल असतं. कोपरा नाही, म्हणजे ओढ एकवटायला जागा नाही. ओव्हनच्या चौकोनी भांड्याचे कोपरे गोलसर का करतात, ते यावरून कळेल.

थापटणं म्हटलं की गोरोबाकाका आठवतातच. तेरच्या या संत कुंभारानं जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटण्यानं टपल्या मारून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा मराठी माणसाला सांगायला नको. बाजारात आपणही मडकं वाजवूनच घेतो. ही परीक्षा शास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरते. भट्टीच्या विटा बनवणारे कारखाने आज तेच करतात. वीट आधाराच्या तारांवर ठेवायची, छोट्या हातोडीनं टकटक करायची आणि मायक्रोफोननं नादाची वारंवारता मोजायची. मग वीट तापवायची, गार करायची आणि पुन्हा वाजवायची. नाद जितका खाली उतरला तितक्या आत चिरा वाढल्या. वीट न फोडता तिच्या पोटातलं कळतं.

नादाच्या बाबतीत आपल्याकडे एक जुना पुरावाही आहे. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि तिथल्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांना गावाचंच नाव मिळालं. लाल अंगावर काळी नक्षी, तोटीची भांडी, कंगोऱ्यांचे वाडगे. ही भांडी वाजवली तर धातूसारखा खणखणीत नाद येतो, असं पुरातत्त्वाच्या पुस्तकांत हमखास लिहिलेलं असतं. बारीक मळलेली माती आणि उत्तम भाजणी. पण त्याच लोकांनी, त्याच काळात जाड, भरड मातीची, हातानं घडवलेली भांडीही केली. पुण्याजवळच्या इनामगावला दोन्ही जाती ढिगानं सापडल्या. संग्रहालयात आपण नक्षीच्या भांड्यांसमोर थांबतो आणि भरड भांड्यांवरून नजर पुढे नेतो. मीही तेच करत आले. आता वाटतं, बारीक आणि खणखणीत भांडं बनवता येत असतानाही कुणी मुद्दाम भरड भांडं बनवत असेल, तर त्याला माती कळत होती.

आधुनिक अभियंते फिरून याच वाटेवर आले. अमेरिकेत १९७० साली हवाप्रदूषणाचा कायदा कडक झाला आणि १९७५ पासून मोटारींच्या धुराड्यात उत्प्रेरक बसवायची वेळ आली. उत्प्रेरकाला बसायला असं काहीतरी हवं होतं, ज्यातून धूर सहज जाईल, ज्याला भरपूर पृष्ठभाग असेल, आणि जे गाडी सुरू झाल्यावर मिनिट-दोन मिनिटांत शेकडो अंश तापलं तरी तडकणार नाही. रॉडनी बॅगली यांनी मधाच्या पोळ्यासारखा ठोकळा साच्यातून दाबून काढायची युक्ती शोधली: चौरस सेंटीमीटरला साठएक चौकोनी नळ्या, त्यांच्या भिंती मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढ्या. शेव पाडायच्या साच्यातून पीठ काढावं तसंच, फक्त इथे भोकं मालात राहतात. पदार्थाचं काम अर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुईस यांनी केलं. त्यांनी निवडलेल्या खनिजाचं नाव कॉर्डिएराइट.

या खनिजाचा स्फटिक दोन दिशांनी थोडा फुगतो आणि तिसऱ्या दिशेनं चक्क आक्रसतो. कच्च्या मालात चिनीमाती, म्हणजे केओलिन होतं. केओलिनचे कण पत्त्यांसारखे चपटे. साच्याच्या अरुंद फटीतून दाबलं जाताना हे पत्ते एका दिशेनं निजतात आणि भाजताना त्यांच्यातून उगवणारे कॉर्डिएराइटचे स्फटिकही त्याच शिस्तीत उभे राहतात. परिणामी नळीच्या लांबीच्या दिशेनं प्रसरण जवळपास शून्यावर येतं. शिवाय वेगवेगळ्या दिशांनी तोंड केलेले शेजारी स्फटिक निवताना एकमेकांना ओढतात आणि मध्ये बारीक फटी पडतात. ठोकळा तापला की वाढणारं अंग आधी या फटींत सामावतं. बाहेरून लांबी बदलल्याचं जाणवतही नाही. खापराचीच ही चाल. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक बसवणं सक्तीचं झालं. आज मुंबईच्या पावसात ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बहुतेक पेट्रोल मोटारींच्या पोटाखाली, तापलेल्या नळकांड्यात, भाजलेल्या मातीचा हा ठोकळा बसलेला असतो.

अवकाशयानाच्या टाइलनं एक पाऊल पुढे टाकलं आणि जवळजवळ सगळा पदार्थच काढून टाकला. अमेरिकेच्या स्पेस शटलवर अशा चोवीस हजारांच्या आसपास टाइल होत्या. सिलिकेचे बारीक तंतू गुंतवून केलेला ठोकळा, आणि हलक्या जातीत त्याचा ९४ टक्के भाग नुसती मोकळी जागा. १२६० अंशांच्या भट्टीतून काढलेली टाइल काही सेकंदांत कडांना उघड्या बोटांनी धरून दाखवायचे. आतून ती अजून लाल दिसत असायची. सिलिका काच मुळात फारशी फुगत नाही, आणि तंतूंचं जाळं थोडंफार मुरड घालू शकतं, त्यामुळे ओढ साठतच नाही. मात्र ती इतकी नाजूक, की बोटानं दाबली तर खळगा पडावा. कल्पना चावला ज्यात गेल्या त्या कोलंबियाचा अपघात टाइलमुळे झाला असं अनेकांच्या डोक्यात बसलंय. ते खरं नाही. तिथे उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळून पंखाच्या पुढच्या धारेचं कार्बनचं कवच फुटलं होतं. इस्रोनं जानेवारी २००७ मध्ये अवकाशातून परत आणून बंगालच्या उपसागरात उतरवलेल्या कुपीवरही सिलिकेच्या टाइल होत्या.

काही ठिकाणी मात्र कुठलीच युक्ती चालत नाही, आणि झटका न देणं एवढंच हाती उरतं. पोलाद कारखान्यातल्या कोकच्या भट्ट्या सिलिकेच्या विटांनी बांधतात. ही वीट ६०० अंशांच्या वर अत्यंत शांत, जवळपास फुगतच नाही. त्याच्या खाली भलती तापट, कारण तिच्यातले स्फटिक तिथेच रचना बदलतात. म्हणून नवी भट्टी पेटवताना कित्येक आठवडे कणाकणानं तापवत नेतात, आणि एकदा तापली की ती पुन्हा गार होऊ देत नाहीत. सण असो, संप असो, कोकला गिऱ्हाईक असो वा नसो, भट्टी वर्षानुवर्षं तापती ठेवावी लागते. घरातल्या नव्या मातीच्या भांड्यालाही आपण हेच करतो. रात्रभर पाण्यात ठेवायचं, वाळवायचं, पहिले काही दिवस मंद आचेवर. एकदम जाळावर चढवलं तर छिद्रांत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर ती भांड्याचा टवका उडवते.

गेल्या आखाजीला मांडे संपल्यावर खापर निवू दिलं आणि बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. नाद नव्हताच. ठप्प असा आवाज, ओल्या लाकडावर टिचकी मारल्यासारखा. आतून काळं झालेलं, एका कडेला वीतभर चीर, तिच्यात चुलीची राख बसलेली.

“मावशी, हे गेलं की आता. आवाज बघ कसा बद्द येतोय.”

“अगं, नवीन होतं तेव्हा वाजायचं चांगलं,” मावशी म्हणाली. “ही चीर तुझा भाऊ दहावीत होता तेव्हाची. तिथेच आहे, पुढे नाही सरकली.” तिनं फडक्यानं खापर पुसलं आणि पडवीत पोत्यावर पालथं घातलं.